देवीला ताप सांगत नाहीत

३० ऑक्टोबर

बाबा, जयभीम.

ज्याच्या पाया पडतात त्याच्यापासूनच लोक आपलं दुखणं का लपवतात? परवापासून हा प्रश्न मला सोडत नाही आणि उत्तर मला येत नाही. नर्सिंगच्या चार वर्षांत ते कुठल्याही विषयात नव्हतं. तुम्हाला येत असेल म्हणून विचारते. फोनवर तुम्ही "बरं, ठेवू?" एवढंच म्हणता. पण हातात आलेला कागद तुम्ही न वाचता फाडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आईकडून तुम्हाला कळलंच असेल की जूनपासून मी काशीदच्या पुढच्या एका मच्छीमार गावात उपकेंद्रावर आहे. समुदाय आरोग्य अधिकारी. तपासायचं, गोळ्या द्यायच्या, लसी टोचायच्या, गरोदर आणि बाळंत बायांवर लक्ष ठेवायचं, आणि आपल्या हातात नसेल ते अलिबागला पाठवायचं. मला हेच काम हवं होतं.

उपकेंद्रापासून थोड्याच अंतरावर विनेश नावाच्या खलाशाचं घर आहे. त्याची बायको अमिषा दिवाळीत तालुक्याला बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी घरी आली. विनेश बोटीवर. घरात सासू, येसूबाई. मी बाळंतिणीला बघायला गेले तर येसूबाईंनी मला अंगणातच थांबवलं. अपमान करून नव्हे. पाट मांडला, माझ्या पायांवर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं.

"आत नको येऊ गो माय. सोयर हाय घरात. तुला कशाला बाटवू?"

"मला अमिषालाच बघायचंय, मावशी."

"बरी हाय ती. तुज्या दयेनं समदा बरा हाय."

मी अंगणातूनच ओरडून विचारलं, "अमिषा, ताप आहे का?" आतून उत्तर आलं, "न्हाय." आवाज बारीक होता. तरी मी परत आले, कारण बाळंतिणीचा आवाज बारीकच असतो असं मी स्वतःला सांगितलं.

तेव्हा तिचं अंग फणफणलेलं होतं. अंगावरून घाण वास येणारं जात होतं. परवा ती मोरीत पडली तेव्हा शेजारची पोरगी मला बोलवायला आली. मी पोचले तेव्हा तिची नाडी हाताला लागत नव्हती. मी सलाईन लावलं, एकशे आठची गाडी बोलावली, आणि आता ती अलिबागला अतिदक्षता विभागात आहे. काय होईल, डॉक्टर सांगत नाहीत.

गाडीत येसूबाई माझा हात धरून म्हणत होत्या, "तुज्यासमोर असला कसा सांगायचा? तू देवी."

लहानपणी मी जिच्यात देवी झाले ती मालिका दुपारी पुन्हा लावायला लागलेत, बाबा. आठ वर्षांची मी, कपाळावर मळवट, रोज दुपारी दोन वाजता गावातल्या घराघरात ओंजळ पुढे करून म्हणते, "तुझं दुःख माझ्या ओंजळीत टाक." आणि सकाळी त्याच घरांतल्या बाया माझ्या वजनकाट्यावर जास्वंद ठेवून जातात. चपला बाहेर काढतात. दुःख मात्र घरी ठेवून येतात. पाळी असलेली बाई तर उपकेंद्राच्या पायरीलाही शिवत नाही. हे मला जुलैपासून समजायला हवं होतं. वहीत सगळ्या बाया निरोगी दिसत होत्या.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या साक्षीताई भाऊबीजेला माहेरी गेल्या होत्या. आल्या तेव्हा मी त्यांच्यावर चिडले. त्या म्हणाल्या, "सरकारनेच तुझ्या दारावर आरोग्य मंदिर लिहिलंय. बायांचं काय चुकलं?"

मला हसू आलं नाही.

रश्मी


९ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमन म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा मजकुराला पोस्टकार्डही मोठं पडलं." एकच ओळ: "दारावर तुझं नाव काय लावलंय?" आणि खाली पूर्ण सही, दयाराम ओव्हाळ, जशी काही मी दुसऱ्या कुठल्या दयारामाला लिहिते.

मी एका बाईच्या तापाबद्दल लिहिलं आणि तुम्ही पाटीबद्दल विचारलंत. दोन दिवस मी रागात होते. ती वाचली का, एवढं तरी विचारायचं. वाचली. ताप उतरलाय. अजून काही दिवस तिथेच ठेवणार आहेत. बाळाला वरचं दूध चालू आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दारावर हुद्दा आहे, नाव नाही. सगळे रश्मी मॅडम म्हणतात, म्हाताऱ्या छोटी माता म्हणतात. "तुमी कुठल्या?" विचारलं की मी सांगते, चौलची. चौल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि देवळं येतात. त्या वाड्या संपल्यावर ओढ्याच्या पलीकडे एक बौद्धवाडी आहे, ती येत नाही. मी तिथवर कुणाला नेत नाही. पहिल्याच आठवड्यात साक्षीताईंनी सांगितलं होतं, "आडनाव गिळ. जेवण-पाणी सुखाने मिळेल." मी गिळलं. बस, मिळालं उत्तर?

तुम्हाला वाटत असेल, पोरगी आईवर गेली. पडद्यावर माझं नाव "बेबी रश्मी" यायचं, पुढे काही नाही. निर्मात्याच्या माणसाने म्हटलं, लहान मुलांची नावं छोटीच बरी दिसतात, आणि आईने मान हलवली. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "नाव कापून देवी व्हायचं, तर छप्पन साली आपल्या माणसांनी मिळवलं काय?" मला त्यातलं फक्त "कापून" कळलं. आता माझं काहीतरी कापणार म्हणून मी रडले. तुम्हाला वाटलं, मालिका सुटेल म्हणून रडते.

नारळांचं मला आठवतं. मालिका सुरू झाल्यावर गावातली माणसं पहिल्यांदा आपल्या वाडीकडे वळली, तीही ओढ्यापर्यंत. तिथे उभं राहून हाका मारायची, छोट्या मातेला बाहेर आणा. तुम्ही गेलात आणि म्हणालात, "आमच्यात नारळ वाहत नाहीत. कालवणात घालतात. देणार असाल तर सोलून द्या." मी आईच्या मागे उभी राहून हसले होते. त्याच महिन्यात विहारात तुम्हाला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, विहाराच्या चिटणीसाच्या घरात देवी कशी? तुम्ही चिटणीसपद सोडलंत. पाठोपाठ घरही सोडलंत आणि न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात जाऊन राहिलात. मी तेव्हा गोरेगावात सेटवरच्या सिंहासनावर बसून लोकांची दुःखं घेत होते. आपल्या घरचं कुणी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगता येईल. आजोबांना विहिरीपासून लांब उभं करायचे. कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचं, असं तुम्ही सांगायचात. येसूबाईंनी मला अंगणात पाटावर बसवलं, पायांवर पाणी घातलं, आणि घरात घेतलं नाही. आजोबांना शिव्या होत्या, मला हळद-कुंकू आहे. पण उंबऱ्यापासूनचं अंतर तेवढंच होतं, बाबा. अंगाला कळतं ते.

रश्मी


१९ नोव्हेंबर

बाबा,

काल तुम्ही स्वतःहून फोन केलात. मी इतकी गडबडले की औषधाचं कपाट उघडं टाकून बाहेर आले. आणि तुम्ही काय बोललात, ते मी इथे लिहून काढते. पुढे तुम्ही म्हणाल, मी असं म्हटलंच नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, मी सांगून टाकणार आहे. मी कोण, कुठली, सगळं."

तुम्ही म्हणालात, "घाई करू नकोस."

"तुम्हीच तर विचारलंत, नाव काय लावलंय."

"विचारलं. लाव म्हटलं नाही. नाव सांगितलंस की हळद-कुंकू थांबेल, त्याबरोबर पाणीही थांबेल. एकटी राहतेस तू. झाली एवढी देवी पुरे, आता हुतात्मा होऊ नकोस. नोकरी कर."

आणि मग "बरं, ठेवू?"

पंधरा वर्षं तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत ते याच नावासाठी ना? शाळेच्या स्नेहसंमेलनाला आला नाहीत, बारावीच्या निकालाला "बरं झालं" म्हणालात, घरातली पहिली पदवी मी घेतली तेव्हा तुमची यार्डातली पाळी बदलून मिळाली नाही. आणि आता नाव सांगते म्हटलं तर म्हणता गप्प बस. मग मी कशासाठी बापाशिवाय वाढले? तुम्ही काळजीने बोललात, मला कळतं. पण ही काळजी आठव्या वर्षी हवी होती.

आता मीही तुम्हाला न सांगितलेली गोष्ट सांगते. उंची वाढली म्हणून मला मालिकेतून काढलं, असं आईने तुम्हाला कळवलं होतं. तसं नव्हतं. मला पहिली पाळी सेटवर आली. पिवळा शालू, मुकुट, सिंहासन, आणि मला काही कळत नव्हतं, फक्त पोट दुखत होतं. वेशभूषेच्या ताईंना डाग दिसला. त्यांनी मला चादरीत गुंडाळून मागे नेलं. परत आले तर सिंहासनावर गोमूत्र शिंपडणं चाललं होतं. कुणीही मला ओरडलं नाही. चार दिवस घरी बसायला सांगितलं. काही आठवड्यांत कथा बारा वर्षं पुढे गेली आणि देवी दुसरीच कुणीतरी झाली. माझ्या हातात एक पुष्पगुच्छ दिला.

त्यानंतर मी दोन वर्षं ऑडिशन दिल्या. कुणाची धाकटी बहीण, कुणाची शाळेतली मैत्रीण. प्रत्येक ठिकाणी तेच ऐकलं, "हिच्या चेहऱ्यावरून देवी जात नाही." एका साबणाच्या जाहिरातीत हात दिसले, चेहरा नाही. आईला अजून वाटतं, कुणीतरी फोन करेल. मग चौलच्या शाळेत परत, मुलांपेक्षा वयाने मोठी. गणिताचे सर म्हणायचे, "माते, गृहपाठ दाखवण्याची कृपा करावी." वर्ग हसायचा. मीही हसायचे, रडण्यापेक्षा ते सोपं होतं. नर्सिंगला गेले कारण तिथे सगळ्यांचा गणवेश सारखा होता, आणि रक्त बघून तिथे कुणी चादर शोधत नव्हतं.

आणि आता बघा. गेल्या आठवड्यात मी बायांना बोलावून पाळीवर भाषण दिलं. तक्ता लावला, गर्भाशय दाखवलं, विटाळ वगैरे काही नसतं हे तीन तऱ्हांनी समजावलं. सगळ्या हात जोडून बसल्या होत्या. एकीनेही प्रश्न विचारला नाही. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "आता ता ओंजळीचा म्हण की गो."

साक्षीताई बाहेर जाऊन हसल्या. म्हणाल्या, "तू काय बी सांग, त्यांना कीर्तनच वाटतं."

मला तक्ता फाडावासा वाटला. सरकारी आहे म्हणून गुंडाळून ठेवला. माझं शिक्षण माझ्याच चेहऱ्याला अडतं, बाबा. आणि या गावात अजून किती अमिषा पडद्याआड पडल्या आहेत, मला माहीत नाही. कुणी सांगणार नाही. मी विचारलं तर "तुज्या दयेनं बरा हाय" म्हणतील.

रश्मी


३ डिसेंबर

बाबा, जयभीम.

हे पत्र अलिबागच्या रुग्णालयातल्या बाकावर बसून लिहिते. सोबत एक पेशंट आहे. ती आत आहे. का ते पुढे येईल.

काल लसीकरणाचा दिवस होता. उपकेंद्राची ओटी बायांनी भरून गेली होती. अमिषा पहिल्यांदाच आली, बाळाला घेऊन. चेहऱ्यावर रंग नाही, पण स्वतःच्या पायांनी चालत आली. येसूबाई तिच्या मागे. कुणीतरी लसीच्या शीतपेटीवर जास्वंद ठेवलं होतं. ते उचलून मी खिडकीत ठेवलं, तर दुसरीने आणखी एक ठेवलं.

तेवढ्यात फाटकाबाहेर दर्शना दिसली. मच्छीच्या टोपल्या वाहते ती. कडेवर पोर. ते तिने कुंपणावरून दुसऱ्या बाईच्या हातात दिलं, आत न्यायला.

मी विचारलं, "तू का बाहेर?"

आतली बाई म्हणाली, "अडचण हाय तिला."

मी हातातली सिरिंज खाली ठेवली. भाषण करायचं नाही हे तोवर मला समजलं होतं. मी म्हटलं, "मलाही आहे. आज दुसरा दिवस. मी आत आहे, लसी टोचतेय. तू पण आत ये."

साक्षीताईंनी कपाळाला हात लावला.

येसूबाईच बोलल्या. "म्हंजे तुला बी येते?"

"येते, मावशी."

"देवी व्हतीस तवा?"

"तेव्हा तर सिंहासनावर आली. म्हणूनच काढून टाकलं."

पदराआड कुणीतरी फिसकन हसलं. येसूबाई हसल्या नाहीत. त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या. "आन् दिवाळीत माज्या अंगणात पाटावर बसलीस तवा?"

"त्या दिवशीही होती."

त्यांनी अमिषाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मंग मी सुनेला कोणापासून लपवली?"



तिथे थांबता आलं असतं. साक्षीताई डोळ्यांनी तेच सांगत होत्या, झालं एवढं पुरे. पण अर्धवट सांगितलं असतं तर मी पाळी येणारी देवी झाले असते, त्यापलीकडे काही नाही. म्हणून पुढचंही बोलले. "मी देवी नाही. मी रश्मी दयाराम ओव्हाळ. चौलच्या बौद्धवाडीतली. आमच्या घरी देवघर नाही. मालिकेतलं मी कागदावरून पाठ करून बोलत होते. नर्सचं काम मात्र मला खरंच येतं."

एक म्हातारी उठली. तिने चपला घातल्या, नातवाला ओढलं आणि गेली. तिच्या मागे आणखी काही गेल्या. एक जाता जाता मागे वळून म्हणाली, "आदी सांगायचास ना. पायावर डोकी ठेवली की गो आमी." खरं आहे तिचं. आधी सांगायला हवं होतं.

येसूबाई उठून ओटीच्या कडेला जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. आत आल्या नाहीत. घरीही गेल्या नाहीत. अमिषाने बाळ माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "टोचा मॅडम." मी टोचलं. बाळ रडल्यावर येसूबाईंनी मागे न बघता हात पुढे केला, आणि अमिषाने ते त्यांच्याकडे दिलं.

दर्शना शेवटपर्यंत फाटकाबाहेर होती. सगळ्या पांगल्यावर आत आली. टेबलासमोर उभी राहून जमिनीकडे बघत म्हणाली, "माजी अडचण गणपतीपासून थांबत न्हाय. तुमाला सांगू का नको, ठरत नव्हता." मी तिच्या पापण्या उलटून बघितल्या. कागदासारख्या पांढऱ्या. एवढ्या अंगाने ती रोज टोपल्या उचलत होती, आणि मी चाळीस पावलांवर फुलं गोळा करत बसले होते.

म्हणून आज तिला इथे घेऊन आले. रक्त चढवणार आहेत, मग सोनोग्राफी.

तुमचं म्हणणंही खरं ठरलं, तेही लिहिते. शेजारून रोज सकाळी कळशी यायची, ती आज आली नाही. वाटेत दोघी-तिघी मान वळवून गेल्या. साक्षीताईंनी आपल्या घरची बाटली भरून आणली आणि माझ्यासमोर आपटली. "घे, समाजसुधारक. पी." त्यांच्यावर गावात किती बोलणी बसतील याचा मी विचार केला नव्हता. करायला हवा होता. उद्या उपकेंद्रात कोण येईल, कोण नाही, मला माहीत नाही. कदाचित रांग छोटी होईल. पण जी येईल ती खरं सांगायला येईल.

मला धैर्यवान वगैरे समजू नका. बोलताना मला खूप राग आला होता. तुमच्यावर, आईवर, त्या जास्वंदीवर, सगळ्यांवर. अजून उतरलेला नाही.

तुम्हाला विचारून करायचं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत, नाहीतर ते तुमच्यासाठी केल्यासारखं झालं असतं. मला दोन्ही नको होतं. म्हणून आधी केलं, आणि आता कळवते.

रश्मी